दुष्काळात पहिला धावा कोणाचा?

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८६० साली पुरा झाला. भीमेच्या खोऱ्यातून जाणाऱ्या या सुमारे १६० मैलांच्या वाटेवर आज पुष्कळ ठिकाणी उसाची हिरवळ दृष्टीस पडते; विशेषतः १९८० साली उजनीचे धरण पुरे झाल्यापासून या प्रदेशाचे रूप पालटले आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात हाच मुलूख अवर्षणाचे माहेरघर म्हणून ओळखला जात असे. पश्चिमेचा पाऊस सह्याद्रीवर रिता होऊन येथवर पोहोचेपर्यंत त्याच्या ओंजळीत फारसे काही उरत नाही. रब्बीची ज्वारी हेच येथील मुख्य पीक, आणि तेही परतीच्या पावसावर अवलंबून. हस्त कोरडा गेला की वर्ष कोरडे गेले, हा येथील कुणब्याचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. १८७६–७७, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या तीन दुष्काळांनी तर सोलापूर जिल्ह्याची आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशाची अन्नान्न दशा करून सोडली.

अशा प्रसंगी माणूस कोणाच्या दारी जातो? पहिले दार सावकाराचे. ते किती उघडे आणि किती बंद असे, याची साक्ष १८७५ च्या मे महिन्यातील दंगलींनी दिलेली आहे. भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजाराच्या गावी कुणबी सावकारांवर उठले. त्यांना माणसांचे रक्त नको होते, त्यांना खते आणि वह्या हव्या होत्या, आणि हाती आलेल्या त्यांनी जाळून टाकल्या. दुसरे दार सरकारचे. १८७६ चा पाऊस फसल्यावर सोलापूर जिल्ह्यात आष्टीच्या तलावाचे काम काढण्यात आले, आणि ज्यांच्या घरची कोठारे रिकामी पडली होती, ती माणसे बायकामुलांसह माती वाहून आणि दगड फोडून दिवस काढू लागली. आगगाडीने धान्य येत होते. पण ते विकत घेण्यास ज्यांच्या गाठीला पैसा नव्हता, त्यांच्या दृष्टीने ते आले काय आणि न आले काय, सारखेच. तिसरे दार देवाचे. वास्तविक हे दार सर्वांत जुने. त्यास तिसरे म्हणावयाचे ते एवढ्यासाठी की, बहुतेक माणसे पहिली दोन बंद झाल्यावरच त्याची कडी वाजवितात.

सोलापूर जिल्ह्यातच या तिसऱ्या दाराची एक कथा जन्मास आली आणि महाराष्ट्राच्या घराघरांत जाऊन बसली. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात लोक तडफडू लागले, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे लोकांना लुटू दिली. बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम केला. आणि ते बेदरच्या वाटेवर असतानाच एक विठू महार दरबारात जाऊन धान्याची सारी किंमत मोजून पावती घेऊन गेला. महिपतीने १७६२ साली पुऱ्या केलेल्या भक्तिविजयात ही कथा आहे. आणि अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी नरहर गोडबोले यांच्या साह्याने त्या ग्रंथाचे जे इंग्रजी भाषांतर केले, ते १९३३ साली पुण्यात प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती मिशनऱ्याने विठोबाच्या भक्तांची चरित्रे इंग्रजीत उतरावी यात पुष्कळांस नवल वाटते. पण ज्याने दामाजीची कथा नीट वाचली, त्यास त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. या कथेतील मर्माची गोष्ट अशी की, विठू महार आधी येऊन मग कोठारे उघडली गेली, असे झालेले नाही. कोठारे आधी उघडली गेली. देवावर भार टाकलेला माणूस हात बांधून बसला नाही. उलट त्याचे हात मोकळे झाले.

संकटात देवाकडे आधी वळावे, असे ख्रिस्ती धर्मही सांगतो. आणि ‘आधी’ या शब्दावर त्याचा विशेष कटाक्ष आहे. जुन्या करारात यहूदाचा राजा आसा याची गोष्ट आहे. उतारवयात त्याच्या पायांना रोग जडला. त्या दुखण्यात त्याने देवाकडे न वळता केवळ वैद्यांकडे धाव घेतली, असा ठपका इतिहासकाराने त्याच्यावर ठेवला आहे. वैद्य बोलावला हा दोष नव्हे, देवाला विसरून बोलावला हा दोष. येशूने शिष्यांस जी प्रार्थना शिकविली, तीतही अन्नाची मागणी आहे. पण ती रोजच्या भाकरीची आहे, वर्षाच्या कोठाराची नाही. मंदिरात बसून ही शिकवण मान्य करणे सोपे. हजार-दोन हजार मुलींची पंगत वाट पाहत बसली असता आणि उद्याच्या धान्याची सोय झालेली नसता ती मान्य करणे ही गोष्ट अगदी निराळी. सोलापूरच्या याच लोहमार्गावर, पुण्यापासून जेमतेम चौतीस मैलांवर असलेल्या केडगाव येथे, पंडिता रमाबाईंनी ती तशी मान्य केली. सुप्याची दंगल ज्या भीमथडी तालुक्यात झाली, त्यातच हे केडगाव मोडत असे.

रमाबाईंच्या आयुष्याला दुष्काळाचा स्पर्श केडगावी प्रथम झालेला नव्हता. २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या या मुलीचे बालपण तीर्थयात्रेत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे पंडित. आई लक्ष्मीबाई यांनाही त्यांनीच शिकविलेले. आणि रमाबाईंना संस्कृत मिळाले ते या आईच्याच तोंडून. देवळात किंवा घाटावर पुराण सांगावे, श्रोते जे अर्पण करतील त्यावर निर्वाह करावा, असा त्या कुटुंबाचा क्रम होता. गाठीला जो पैसा होता तो तीर्थांच्या ठिकाणी दानधर्मात आणि अनुष्ठानांत खर्च झाला. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. श्रोत्यांच्याच घरी अन्न उरले नाही, तेथे पुराणिकास कोण देणार? मोलमजुरी करावी, तर ब्राह्मण शास्त्र्याच्या अभिमानास ते रुचेना. भीक मागावी, तर तोंड उघडेना. आणि पुराणाखेरीज पोट भरण्याची दुसरी कोणतीही विद्या घरात कोणास येत नव्हती. देवांची आराधना मात्र चालूच होती. १८७४ साली वडील गेले, थोड्याच अवधीत आई गेली आणि काही महिन्यांत थोरली बहीणही गेली. आईच्या प्रेतास खांदा देण्यास चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. तिची उंची कमी, म्हणून तिला तो भार खांद्यावर न घेता डोक्यावर घ्यावा लागला.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि रमाबाईंचे चरित्र सांगणारे पुष्कळ लोक तो टाळून पुढे जातात. या कुटुंबानेही संकटात आधी देवाकडेच धाव घेतली नव्हती काय? घेतली होती, आणि तरीही अन्न मिळाले नाही. मग वीस वर्षांनी त्याच मुलीने दुसऱ्या एका दुष्काळात पुनः देवावरच सारा भार का टाकावा? केवळ देवाचे नाव बदलले म्हणून, असे उत्तर देणारे हिंदूंतही निघतील आणि ख्रिस्त्यांतही निघतील. पण त्या उत्तराने समाधान होत नाही. रमाबाईंनी १८९७ साली आपले दुष्काळाचे अनुभव लिहून काढले आहेत. त्यांत त्यांचा रोख दोन गोष्टींवर दिसतो. एक, दानाच्या आणि अनुष्ठानाच्या मोबदल्यात फळ मागण्याची ती सारी पद्धत. आणि दुसरी, हाताला कोणतेही काम न शिकविणारा तो अभिमान. यांपैकी पहिल्या गोष्टीवर महाराष्ट्रातील संतांनीही कमी कोरडे ओढलेले नाहीत. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात ज्यांचे दुकान बुडाले आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली, त्या तुकोबांनीही नवसाचा व्यवहार कधी देवभक्ती म्हणून मान्य केला नाही. दुसऱ्या गोष्टीचे उत्तर मात्र रमाबाईंनी शब्दांत दिले नाही. ते त्यांनी केडगावच्या माळावर उभे केले.

मधल्या काळातील हकीकत सर्वश्रुत आहे. १८७८ साली कलकत्त्यास पंडिता आणि सरस्वती या पदव्या. विवाह आणि दोन वर्षांच्या आतच आलेले वैधव्य. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज, आणि त्याच्या शाखांसाठी सोलापूर, पंढरपूर, बार्शी या गावांतून केलेला संचार. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे अमेरिकेतील मित्रमंडळींनी दहा वर्षे साह्य करण्याचे वचन दिले, आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन निघाले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. आणि १८९३ साली, सदनातील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात या कारणावरून वादळ उठून रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले. या वादात न्याय कोणत्या बाजूस किती होता, याचा खल आजवर झाला आहे आणि पुढेही होत राहील. येथे प्रस्तुत आहे ते एवढेच की, या घटनेनंतर पुण्यातील प्रतिष्ठितांचा आधार गेला, आणि अमेरिकेचा आधार १८९८ साली संपणार हे ठरलेलेच होते. म्हणून बाईंनी केडगावी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन तीत फळझाडे लावली. फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालवावे हा हिशेब. हिशेबात चूक नव्हती. पण पुढे जे माणसांचे लोंढे आले, त्यांच्यापुढे तो टिकला नाही.

याच सुमारास त्यांच्या वाचनात ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र आले. म्यूलर हे जन्माने जर्मन. इंग्लंडात त्यांनी अनाथ मुलांसाठी पाच मोठी घरे बांधली, तीत दोन हजारांवर मुले राहत. आणि हे सर्व करताना कोणाही मनुष्यापाशी पैसा मागावयाचा नाही, जे हवे ते देवापाशी मागावयाचे, असा त्यांचा नेम होता. जे इंग्लंडात घडले ते हिंदुस्थानात घडणार नाही काय, असा प्रश्न बाईंच्या मनाने घेतला. १८९६ साली लोणावळ्याच्या उपासना-मेळाव्यास त्या सदनातील ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुलींसह गेल्या होत्या. तेथे त्यांनी देवाजवळ मागणी केली की, या पंधरांचा वर्ग कर. पंधरांचा वर्ग म्हणजे दोनशे पंचवीस. गणिताच्या भाषेत केलेली प्रार्थना भाविकांच्या चरित्रांतही विरळाच आढळेल! त्या वेळी पुण्याच्या त्यांच्या घरात इतक्या मुलींना झोपण्यापुरतीही जागा नव्हती.

त्याच वर्षी पाऊस फसला. या दुष्काळात महाराष्ट्रात निरनिराळ्या माणसांनी निरनिराळी दारे ठोठावली. लोकमान्य टिळकांनी सरकारचे दार धरले. पण याचक म्हणून नव्हे, हक्कदार म्हणून. सरकारने स्वतःच केलेली दुष्काळ-संहिता काय सांगते, सारासूट केव्हा मागता येते, हे सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी त्यांनी खेडोपाडी समजावून सांगितले. सोलापुरास आणि नगरास हातमागाचे विणकर उपाशी मरू लागले, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांशी बोलून त्यांनी विणकरांस त्यांच्याच धंद्यात काम देण्याची योजना आखली. सरकारने तीस साथ दिली नाही. ही धडपड देवावरील विश्वासाच्या विरुद्ध होती असे समजण्याचे कारण नाही. रमाबाईंचा मार्ग मात्र निराळा पडला. मध्यप्रांतातून येणाऱ्या बातम्या वाचून त्या प्रथम गप्पच राहिल्या. जवळ पैसा नाही, जागा नाही, हे काम आपले नव्हे, अशी त्यांनी आपल्या मनाची समजूत घातली, आणि ही दुबळीक त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. पण वीस वर्षांपूर्वीचे ते रान, आईचे ते प्रेत, डोक्यावरचा तो भार त्यांना स्वस्थ बसू देईना. आपल्याला त्या वेळी कोणी हात दिला असता तर, हा विचार एकदा मनात शिरल्यावर जागेचा आणि पैशाचा हिशेब बाजूस पडला. त्या मध्यप्रांतात गेल्या, आणि तीनशेच्या घरात मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. दोनशे पंचवीसांची मागणी करणाऱ्या बाईस देवाने मोजून दिले नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

पुण्यास १८९७ साली प्लेगाने थैमान मांडले होते. इतकी माणसे शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. तेव्हा फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या उघड्या माळावर झोपड्या पडल्या. मुक्तिसदन निघाले ते असे. कोणी आराखडा काढून, पायाभरणीचा मुहूर्त धरून नव्हे. १८९८ साली बाई अमेरिकेस गेल्या. जुन्या मंडळाची मुदत संपली होती, तेथे नवे मंडळ स्थापन झाले, आणि शारदासदनास साह्य चालू राहिले. पण मुक्तीच्या वाढत्या पसाऱ्याची हमी कोणीच दिली नव्हती, कोणी देणे शक्यही नव्हते. मिनी एब्रम्स या अमेरिकन बाई याच सुमारास मदतीस आल्या. मंदिराचा पायाही घातला गेला.

आणि लगेच १८९९ चा पाऊस गेला. गुजरातेत ज्यास छपन्नाचा काळ म्हणतात तो हाच, संवत १९५६ चा. गुजरात आणि राजपुताना या भागांतून मुक्तीची माणसे मुली आणू लागली. जे हाडांचे सापळे घेऊन आले, त्यांतील सगळेच वाचले नाहीत. तरी १९०० साली केडगावच्या आवारात दोन हजारांच्या आसपास माणसे राहत होती, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या बऱ्यापैकी गावाएवढी वस्ती. त्यात दुष्काळ केडगावासही होता. एवढ्या वस्तीला प्यायला, स्वयंपाकाला आणि धुण्याला पाणी पुरवावयाचे ते थोड्याशा विहिरींनी. संध्याकाळपर्यंत विहिरीचा तळ दिसावा आणि पहाटे पुनः दिवसापुरते पाणी भरलेले असावे, अशा त्या वर्षाच्या आठवणी मुक्तीत सांगितल्या जातात. झऱ्यांचे शास्त्र जाणणारा याचा उलगडा एका रीतीने करील, प्रार्थनेला बसलेली बाई दुसऱ्या रीतीने करील. मात्र शास्त्रज्ञासही एवढे कबूल करावे लागेल की, रात्री झोपी जाताना सकाळच्या पाण्याची खात्री दोघांनाही सारखीच नव्हती.

पैशाच्या बाबतीत एक आक्षेप नेहमी घेण्यात येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. मनुष्यापाशी मागावयाचे नाही हे व्रत खरे. पण मुक्तीची हकीकत ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रकातून इंग्लंड-अमेरिकेत जात असे, आणि गरज काय आहे हे वाचणारास कळत असे. मग वर्तमान कळविणे आणि मदत मागणे यांत भेद तो काय राहिला? म्यूलर यांच्यावरही हाच आक्षेप होता. तेही वार्षिक वृत्तान्त छापीत असत. भेद आहे, तथापि तो सूक्ष्म आहे. मागणी करणारा विशिष्ट माणसाकडे पाहत असतो, आणि त्याने नाही म्हटले की त्याचे पाऊल अडते. रमाबाईंचे पाऊल कोणाच्या होकारासाठी अडलेले दिसत नाही. मुली आधी आल्या, पैसा मागाहून आला. या क्रमाला धोका होता; कित्येक सुज्ञ हितचिंतकांस तो आततायीपणा वाटे. पण कोठारे उघडताना दामाजीपंतांजवळ तरी पावती कोठे होती?

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. भुकेल्यापुढे भाकरी ठेवून त्याचा धर्म घेणे हे दान नव्हे, सौदा आहे, असे त्या काळी पुण्यात बोलले जाई, आणि आजही बोलले जाते. मुक्तीत शिक्षण ख्रिस्ती होते, उपासना ख्रिस्ती होती, आणि तेथील बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या, हे लपविण्याचे कारण नाही. बाईंनी ते कधी लपविलेही नाही. अनाथ, अजाण मुलीच्या संमतीला अर्थ किती, हा प्रश्नही खोटा नाही. तथापि या प्रश्नाच्या दुसऱ्या अंगासही उत्तर द्यावयास हवे. ज्यांना त्यांच्या गावाने, जातीने, देवळाने आणि सरकारनेही रस्त्यावर सोडले होते, त्या मुलींस उचलण्यासाठी त्या वेळी आणखी किती हात पुढे आले? काही आले, सोलापूर जिल्ह्यातच पंढरपूर येथे लालशंकर उमियाशंकर यांच्या उद्योगाने १८७५ साली निघालेले अनाथ-बालकाश्रम प्रार्थना समाजाच्या आश्रयाखाली चालू होते. असे हात अधिक असते, तर केडगावच्या पंगती तितक्या लांब झाल्या नसत्या.

या पंगतींचा दिनक्रम पाहिला म्हणजे बाईंच्या विश्वासाची जात कळते. पहाटे प्रार्थना, आणि प्रार्थना संपताच प्रत्येक मुलगी काहीतरी काम हाती घेई. कोणी शेतात, कोणी गोठ्यात, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी मागावर, कोणी छापखान्यात खिळे जुळवीत. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन, फसलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन. तेथेही हाताला काम आहेच. पुराणाखेरीज कोणतीही विद्या न येणाऱ्या एका घरातील माणसे पोटात अन्न नाही म्हणून मेली होती. त्या घरातून उरलेल्या मुलीने आपल्या छपराखाली एकही मुलगी कामावाचून ठेवली नाही. ज्या देवाला आधी हाक मारावयाची, तो हात हलविण्याची मोकळीक देतो, ती काढून घेत नाही, हे तिला त्या पहिल्या दुष्काळाने शिकविले असावे. १९०५ च्या जून अखेरीस मुक्तीत प्रार्थनेची जी प्रचंड लाट उसळली, तिची चर्चा जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत झाली. पण त्या दिवसांतही शेत आणि स्वयंपाकघर होतेच.

उतारवयात बाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत उतरविण्याचे काम हाती घेतले. थोड्या शिकलेल्या बायकांस ते वाचता यावे हा हेतू. भाषांतर त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून केले, आणि ते छापावयाचे ते केडगावातच, मुलींच्या हातून. मधे १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्यावर मुक्तीचा सारा भार पुढे ठेवावयाचा होता, ती आईच्या आधी गेली. भाषांतराची शेवटची मुद्रिते अजून तपासावयाची होती, आणि बाईंची प्रकृती ढासळत चालली होती. काम पुरे होईपर्यंत दहा दिवस दे, असे त्यांनी देवाजवळ मागितले, अशी आठवण मुक्तीत सांगतात. मुद्रिते तपासून झाली. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्या झोपेतच गेल्या. ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ साली.